२४४ कोटींचा निकाल लागला, म्हणून शेअर घ्यायचा का? पेटंटची बातमी गुंतवणूकदारासारखी कशी वाचायची

मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मामेभावाचा व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट आला. बातमी होती: दिल्ली उच्च न्यायालयानं लाव्हा कंपनीला पेटंटच्या खटल्यात एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. खाली त्याचा मेसेज: "दादा, एरिक्सनचा शेअर अमेरिकन बाजारात मिळतो. ॲपवर बघितला. ३० हजार टाकू का? आता वर जाणार ना?"

त्याची पहिली नोकरी लागून सहा महिने झाले होते आणि ते ३० हजार त्यानं पुण्यात खोलीच्या डिपॉझिटसाठी साठवलेले होते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "दोन दिवस थांब, वाचून सांगतो."

मी कोड लिहितो. वकील नाही, सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागारही नाही. पण मोबाइल नेटवर्कचं तंत्रज्ञान थोडंफार कळतं आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. त्या दोन दिवसांत जे वाचलं आणि त्यानंतर ज्या घडामोडी झाल्या, त्या सगळ्यांचा हिशोब आज इथे मांडतोय. कारण पेटंटच्या बातम्या दर दोन-तीन महिन्यांनी येतात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हाच प्रश्न विचारतं.

आधी पेटंट कशाचं, ते बघू

तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमचा आवाज जसाच्या तसा टॉवरपर्यंत जात नाही. तो आधी दाबून लहान केला जातो, पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. नेटवर्क कमजोर असेल तर तो आणखी लहान केला जातो, म्हणजे कॉल तुटत नाही. या पद्धतीला एएमआर म्हणतात. एरिक्सन आणि लाव्हाच्या खटल्यात एकूण आठ पेटंट होती. त्यातली काही या आवाज दाबण्याच्या पद्धतीची, बाकीची एज आणि ३जी तंत्रज्ञानाची.

आता गंमत अशी, की ही पद्धत वापरायची की नाही हे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हातात नसतंच. जगातला कुठलाही फोन कुठल्याही नेटवर्कवर चालला पाहिजे, म्हणून सगळ्या कंपन्या मिळून एक मानक ठरवतात. ३जी, ४जी, ५जी ही अशीच मानकं. मानकात जी पद्धत गेली ती सगळ्यांना वापरावीच लागते. अशा पद्धतीवर कुणाचं पेटंट असेल तर त्याला मानकासाठी अत्यावश्यक पेटंट म्हणतात.

म्हणजे गावात शिरायचा रस्ता एकच आणि त्या रस्त्याचा काही भाग कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीतून जातो. मालकानं मनाला येईल तो टोल लावला तर? म्हणून मानक ठरवतानाच त्याच्याकडून कबुली घेतली जाते की टोल रास्त, वाजवी आणि सगळ्यांना सारख्या न्यायानं असेल. पण 'रास्त' म्हणजे नेमके किती टक्के, हे कुठेच लिहिलेलं नाही. कोर्टातली बहुतेक भांडणं या एका शब्दावरून होतात.

एकच रक्कम, दोन कंपन्या

आता त्या २४४ कोटींकडे येऊ. न्यायालयानं आठपैकी एक पेटंट अवैध ठरवलं. बाकीच्यांसाठी फोनच्या निव्वळ विक्री किमतीच्या १.०५ टक्के दरानं रॉयल्टी धरली. म्हणजे १०,००० रुपयांच्या फोनवर १०५ रुपये. ऐकायला किरकोळ वाटतं. लाखो फोन आणि कित्येक वर्षं धरली की २४४ कोटी होतात.

ही रक्कम एरिक्सनसाठी किती मोठी? एरिक्सनची २०२३ ची एकूण विक्री होती साधारण २६३ अब्ज स्वीडिश क्रोना. एक क्रोना आठ रुपयांचा धरला तर २ लाख १० हजार कोटी रुपये. म्हणजे हजार रुपयांच्या विक्रीमागे हे २४४ कोटी भरतात सव्वा रुपयाहूनही कमी. शिवाय खटला २०१५ पासून चालू होता. नऊ वर्षांनी निकाल, तोही पहिल्या पायरीवरचा, वर अपिलाचा रस्ता मोकळा.

आता दुसरी बाजू बघा. लाव्हानं सप्टेंबर २०२१ मध्ये आयपीओसाठी सेबीकडे मसुदा दाखल केला होता. त्यात २०२०-२१ या वर्षाचा नफा होता साधारण १७२ कोटी रुपये. म्हणजे जी रक्कम एरिक्सनसाठी खिशातली चिल्लर, ती लाव्हासाठी एका अख्ख्या वर्षाच्या नफ्यापेक्षा जास्त. तो आयपीओ पुढे बाजारात आलाच नाही. पण समजा आला असता आणि आपल्यासारख्यांनी 'देशी मोबाइल ब्रँड' म्हणून अर्ज भरले असते, तर हा खटला तेव्हा चालूच होता आणि त्याची जोखीम आपल्या डोक्यावर आली असती.

मला यातून पहिली गोष्ट कळली ती ही: पेटंटच्या निकालात बातमीचा मथळा जिंकणाऱ्याचा असतो, पण गुंतवणूकदारासाठी खरी बातमी बहुतेक वेळा हरणाऱ्याच्या बाजूला असते. रक्कम एकच, पण ती कुणाच्या ताळेबंदात जाऊन बसते यावर सगळं अवलंबून.

मग एरिक्सनला पेटंटमधून काहीच मिळत नाही का?

मिळतं, भरपूर मिळतं. पण ते खटल्याच्या भरपाईतून नाही, लायसन्सच्या करारांतून. २०२३ मध्ये एरिक्सनला पेटंटच्या लायसन्समधून साधारण ११ अब्ज क्रोना मिळाले, म्हणजे ८,८०० कोटी रुपयांच्या घरात. ॲपलसारखी कंपनी करारावर सही करते आणि वर्षानुवर्षं पैसे देते. यात कारखाना नाही, माल नाही, वाहतूक नाही. संशोधनाचा खर्च आधीच झालेला असतो.

खटला हा या धंद्यातला दट्ट्या आहे. एका कंपनीवर केस टाकली की बाकीच्या दहा कंपन्या करार करायला टेबलावर येतात. त्यामुळे लाव्हाचा निकाल एरिक्सनला २४४ कोटींमुळे महत्त्वाचा नव्हता. भारतातलं कोर्ट पेटंटधारकाच्या बाजूनं एवढी मोठी भरपाई देऊ शकतं, हा संदेश महत्त्वाचा होता.

तरीही भावाला मी आणखी एक आकडा पाठवला. ज्या २०२३ मध्ये पेटंटमधून ११ अब्ज क्रोना आले, त्याच वर्षी एरिक्सनला एकूण २६ अब्ज क्रोनांचा निव्वळ तोटा झाला. कारण व्होनेज नावाची विकत घेतलेली कंपनी अपेक्षेइतकी चालली नाही आणि तिची किंमत हिशोबात सुमारे ३२ अब्ज क्रोनांनी कमी करावी लागली. म्हणजे पेटंट कितीही दमदार असलं तरी शेअर घेताना तुम्ही फक्त पेटंट घेत नाही, व्यवस्थापनाचे बाकीचे निर्णयही विकत घेता.

क्वालकॉम: घरमालकाचीही झोप उडते

पेटंटचा धंदा सगळ्यात जवळून बघायचा असेल तर क्वालकॉम बघा. तुमच्या फोनमधल्या स्नॅपड्रॅगन चिपवाली हीच कंपनी. तिचे दोन मुख्य धंदे: चिप विकणं आणि पेटंटचं लायसन्स देणं. २०२४ च्या आर्थिक वर्षात एकूण उत्पन्न साधारण ३९ अब्ज डॉलर होतं. त्यात लायसन्सचा वाटा फक्त साडेपाच अब्जांच्या आसपास. पण लायसन्समधल्या प्रत्येक १०० डॉलरपैकी करापूर्वी साधारण ७२ डॉलर उरतात. चिपमध्ये उरतात २९. म्हणून गुंतवणूकदार या छोट्या भागावर एवढा जीव टाकतात.

पण हे भाडं बंद पडलं तर? जानेवारी २०१७ मध्ये ॲपलनं क्वालकॉमवर दावा लावला. तक्रार अशी की तुम्ही आधी लायसन्स घ्यायला लावता आणि मगच चिप देता, शिवाय रॉयल्टी पूर्ण फोनच्या किमतीवर धरता. २०१८ च्या आयफोनमध्ये तर ॲपलनं क्वालकॉमचे मोडेम काढून इंटेलचे घातले. दोन वर्षं हे चाललं.

१६ एप्रिल २०१९ ला सॅन दिएगोच्या कोर्टात वकिलांची सुरुवातीची भाषणं चालू असतानाच तडजोड झाली. क्वालकॉमचा शेअर त्या एका दिवसात साधारण २३ टक्के वर गेला. त्याच दिवशी इंटेलनं स्मार्टफोनच्या ५जी मोडेमच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

इथे कुणालाही वाटेल, आता घ्यायला हवा होता शेअर. पण पुढे बघा. बरोबर पाच आठवड्यांनी अमेरिकेच्या स्पर्धा आयोगानं लावलेल्या दुसऱ्याच खटल्यात न्यायाधीश ल्युसी कोह यांनी क्वालकॉमविरुद्ध निकाल दिला. लायसन्स देण्याची पद्धत स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, सगळे करार नव्यानं करा, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास ११ टक्के पडला. तडजोडीची बातमी वाचून उशिरा उडी मारलेल्यांची अवस्था काय झाली असेल, कल्पना करा. आणि ऑगस्ट २०२० मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकालही उलटवला.

सव्वा वर्षात तीन वेळा दिशा बदलली. यातला एकही बदल तुम्ही-मी आधी ओळखू शकलो नसतो. बातमी आपल्या फोनवर येईपर्यंत बाजारानं किंमत बदललेली असते.

मग काय बघायचं? तारीख बघायची. ॲपल आणि क्वालकॉमचा लायसन्स करार सध्या मार्च २०२७ पर्यंत आहे, हे कंपनीनं स्वतः जाहीर केलंय. दरम्यान ॲपलनं फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ई मध्ये स्वतःचा सी१ मोडेम आणला. अनेकांनी लगेच लिहिलं की क्वालकॉम संपली. इथे नीट फरक करा. स्वतःचा मोडेम बनवला की क्वालकॉमच्या चिपची विक्री जाते. पण ४जी आणि ५जीच्या मानकात क्वालकॉमची पेटंट आहेतच, चिप कुणाचीही असो. त्यामुळे लायसन्सचा प्रश्न वेगळा राहतो आणि त्याची खरी परीक्षा करार संपताना होईल.

हातात शस्त्र नसलेल्यांचं काय होतं

डिसेंबर २०१४. मी बारावीत होतो. वर्गात सगळ्यांच्या तोंडी शाओमीचे फ्लॅश सेल. अचानक ८ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयानं एरिक्सनच्या दाव्यावरून शाओमीची भारतातली विक्री आणि आयात थांबवली. आठवडाभरात सवलत मिळाली, पण फक्त क्वालकॉमची चिप असलेल्या फोनना आणि तीही प्रत्येक फोनमागे १०० रुपये कोर्टात जमा करण्याच्या अटीवर. मीडियाटेकची चिप असलेले फोन अडकलेलेच राहिले. तेव्हा मला वाटायचं की चिप म्हणजे फक्त स्पीड. चिपमुळे फोन विकायला परवानगी मिळते किंवा मिळत नाही, हे डोक्यातही आलं नव्हतं.

असाच प्रकार ओप्पोबाबत जर्मनीत झाला. नोकियासोबतचा करार २०२१ मध्ये संपला, नवा दर ठरेना, खटले सुरू झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये जर्मन न्यायालयांच्या आदेशांनंतर ओप्पो आणि वनप्लसला तिथली विक्री थांबवावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये शेवटी करार झाला. एका मोठ्या बाजारातली दीड वर्षाची विक्री गेली.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही कंपन्या आज स्वतः फोन बनवत नाहीत. दोन फोन कंपन्या भांडल्या तर दोघी एकमेकींची विक्री थांबवू शकतात, म्हणून शेवटी आपापली पेटंट एकमेकींना वापरायला देऊन मिटवतात. पण जिचे फोनच बाजारात नाहीत, तिचे कुठले फोन थांबवणार? उलटा वार करायला जागाच कमी. म्हणून नव्या फोन कंपन्यांची खरी कसोटी इथे लागते.

मोठ्या कंपन्यांनी हे आधीच ओळखलं होतं. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेलची सुमारे ६,००० पेटंट ॲपल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांच्या गटानं साडेचार अब्ज डॉलरना घेतली. लिलावात हरलेल्या गुगलनं पुढच्याच महिन्यात मोटोरोला मोबिलिटी साडेबारा अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. नंतर फोनचा धंदा लेनोव्होला विकला, पण बहुतेक पेटंट स्वतःकडेच ठेवली. ढाल हवी होती, फोन नाही.

भारतात पंच कोण?

टोल जास्त आहे अशी तक्रार कुणाकडे करायची? मायक्रोमॅक्सनं ती भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. मुद्दा साधा होता: तंत्रज्ञान चिपमध्ये आहे, मग रॉयल्टी पूर्ण फोनच्या किमतीवर का? त्याच चिपचा फोन चांगल्या कॅमेऱ्यामुळे महाग झाला, तर कॅमेऱ्यावरही रॉयल्टी का द्यायची? नोव्हेंबर २०१३ मध्ये आयोगानं चौकशीचा आदेश दिला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी आयोगाला हा अधिकार आहे असं म्हटलं. जुलै २०२३ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं उलट सांगितलं: पेटंटच्या लायसन्सचे वाद पेटंट कायद्याखालीच सोडवायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयोगाचं अपील फेटाळलं. तोपर्यंत मूळ वादात तडजोडही झालेली होती.

पेटंटधारक कंपनीच्या गुंतवणूकदारासाठी ही चांगली बातमी. एक मोठी टांगती तलवार गेली. चीनमध्ये २०१५ साली याच प्रकारच्या चौकशीत क्वालकॉमला ९७.५ कोटी डॉलर दंड भरावा लागला होता, तसला धोका इथे कमी झाला. पण फोन घेणाऱ्यासाठी आणि नव्या भारतीय ब्रँडसाठी ही तितकी चांगली बातमी नाही. टोल रास्त आहे का, हे विचारायचा एक दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला. उरलं ते कोर्ट, जिथे लढायला वर्षं आणि वकिलांचे पैसे दोन्ही लागतात. मला स्वतःला हे असमतोल वाटतं. संशोधनाचा मोबदला मिळालाच पाहिजे, मी स्वतः त्याच क्षेत्रात काम करतो. पण मोबदला किती, हे झटपट आणि उघडपणे ठरवणारी जागाही हवी. नाहीतर देशी ब्रँड बनायच्या आधीच थकतील.

मग बातमी आली की काय तपासायचं

मी भावाला चार प्रश्न लिहून दिले. तेच तुम्हालाही देतो.

१. रक्कम कंपनीच्या वर्षभराच्या विक्रीच्या आणि नफ्याच्या किती टक्के आहे? कोटींचा आकडा एकटा बघू नका, भागाकार करा.

२. निकाल अंतिम आहे का? खालच्या कोर्टाचा असेल तर अजून दोन-तीन वळणं बाकी आहेत असं धरून चाला.

३. मोठे लायसन्स करार कधी संपतात आणि सगळ्यात मोठा ग्राहक कोण? एका ग्राहकावर घर चालत असेल तर तो घर सोडायची तयारी करतोय का, ते बघा.

४. फोन बनवणारी कंपनी आयपीओ घेऊन येत असेल, तर मसुद्यातलं न्यायालयीन खटल्यांचं प्रकरण आणि संभाव्य देण्यांची टीप वाचा. कंटाळवाणी पानं असतात, पण लाव्हासारखी गोष्ट तिथेच सापडते.

हे सगळं तपासल्यावर शेअर घ्यायचाच असेल, तर तो कंपनी आवडली म्हणून घ्या, निकाल आवडला म्हणून नाही.

भावानं एरिक्सन घेतला नाही. "मग कुठला घेऊ?" असं मात्र लगेच विचारलं. मी म्हटलं, आधी खोली घे. ते ३० हजार कोथरूडच्या घरमालकाकडे डिपॉझिट म्हणून गेले. भाडेकरार अकरा महिन्यांचा, पुढे भाडं किती वाढणार ते त्यात लिहिलेलंच नव्हतं. नव्या करारात मालकानं वाढवून सांगितलं तेव्हा तो मला म्हणाला, "दादा, ते करार कधी संपतो ते बघायचं म्हणालेलास ना, ते आता कळलं."